उगवतीचा सूर्य की मावळतीचा?

वाचकाचे पत्र, थोडक्यात

नागपुरातील एका २९ वर्षांच्या वाचक भगिनीने हे पत्र पाठवले आहे. त्यांनी उपयोजित कलेचे शिक्षण घेतले असून, पूर्व नागपुरातील वस्त्यांमध्ये वयस्क रुग्णांना रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे पुरवणाऱ्या एका धर्मादाय संस्थेत त्या तीन वर्षांपासून काम करतात. ज्यांना वाचता येत नाही किंवा ज्यांची नजर अधू झाली आहे, त्यांच्यासाठी त्यांनी गोळ्यांचा एक चित्रतक्ता तयार केला. दोन डोंगरांमधला सूर्य म्हणजे सकाळ, किरणांसह पूर्ण सूर्य म्हणजे दुपार, चंद्रकोर म्हणजे रात्र. एका गोळीसाठी पूर्ण वर्तुळ, अर्ध्या गोळीसाठी अर्धे वर्तुळ. संस्थेतील सर्वांना तो आवडला आणि तीनशे घरांत पोहोचला.

काही आठवड्यांनी एक आजी अंगणात चक्कर येऊन पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. चौकशीत कळले की तीन आठवडे त्या सकाळची गोळी दिवेलागणीला आणि रात्रीची गोळी अर्धी करून घेत होत्या. “अर्धा चांद दाखोला, म्हून अर्धी गोयी घेतली, पोरी,” असे त्यांनी कार्यकर्त्यांना सांगितले. चक्कर नेमकी त्यामुळेच आली का, हे डॉक्टरही ठामपणे सांगू शकले नाहीत. आजी आता बऱ्या आहेत. नंतर एका आशा सेविकेने कळवले की दुपारच्या सूर्याचा अर्थ तिच्या भागातील दोघांनी ‘उन्हातून आल्यावर घ्यायची गोळी’ असा सांगितला.

संस्थेच्या बैठकीत एका ज्येष्ठ डॉक्टरांचे म्हणणे पडले की चित्र तर लहान मुलालाही कळते, लोकच अडाणी असतील तर आपण काय करणार. दुसऱ्या सहकाऱ्याने चित्रे बंद करून सरळ मराठीत लिहावे असे सुचवले. शेवटी चंद्र मोठा करून आणि बाण घालून सुधारित तक्त्याच्या ५००० प्रती छापायचे ठरले असून मजकूर येत्या आठवड्यात छापखान्यात जाणार आहे. या भगिनींना झोप लागत नाही. आजींना भेटायला जाण्याचे धैर्य त्यांना अजून झालेले नाही. त्या विचारतात: चूक माझी की त्यांची? आणि मी चित्रे काढणे सोडून द्यावे का?

उत्तर

प्रिय भगिनी,

तुम्ही पत्रासोबत पाठवलेला तक्ता मी टेबलावर ठेवला, तुमचा खुलासा बाजूला सारला आणि त्यातली पहिली आकृती नुसती पाहत राहिलो. दोन डोंगर, मधोमध अर्धा वर आलेला सूर्य, सहा किरणे. हा सूर्य उगवतो आहे की मावळतो आहे, हे मला त्या चित्रातून ठरवता आले नाही. मला तो उगवताना दिसला खरा, पण त्याचे कारण चित्रात नव्हते. ते माझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या वहीत होते, जिथे आपण सगळ्यांनी दोन डोंगर, त्यांतून निघणारा सूर्य, नदी आणि झोपडी काढली आणि गुरुजींनी त्याला सकाळचा देखावा म्हटले. ज्यांनी ती वही कधी हातात धरली नाही, त्यांच्यापाशी हे कारण नाही. आपल्या सपाट मुलखात सूर्य दोन डोंगरांमधून उगवत नाही. तो समोरच्या घराच्या पत्र्यामागून वर येतो. आजींच्या घराचे दार पश्चिमेला असेल, तर दिवसभराचे काम आटोपून अंगणात बसल्यावर जमिनीला टेकलेला जो सूर्य त्या रोज पाहतात, तो मावळतीचाच असणार.

दुपारच्या सूर्याचे वेगळे नाही. मे महिन्याच्या अखेरीस नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, लागतो, पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय व खिशात कांदा ठेवल्याशिवाय घरातली वडीलधारी माणसे कोणाला बाहेर पडू देत नाहीत. अशा शहरात किरणांसह काढलेला पूर्ण सूर्य घड्याळातली वेळ सांगत नाही, तो उन्हाबद्दल बोलतो. ‘उन्हातून आल्यावर घ्यायची गोळी’ हा अर्थ लावणाऱ्या त्या दोघांनी नागपूरचा सूर्य नागपूरकरासारखा वाचला. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या रुग्णांनी तो कदाचित तसा वाचला नसता.

आता चंद्रकोरीकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिथे आहे आणि ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुमच्या तक्त्यात पूर्ण वर्तुळ म्हणजे पूर्ण गोळी आणि अर्धे वर्तुळ म्हणजे अर्धी गोळी. हा नियम तुम्हीच घालून दिला आणि तो फार चांगला नियम आहे. तो आजींना पक्का समजला होता. मग त्याच तक्त्यावर, गोळीच्याच शेजारी, त्यांना वर्तुळाचा एक अपुरा तुकडा दिसला. त्यांनी तुमचा नियम तिथेही लावला. त्या तक्ता काळजीपूर्वक, एका ओळीचा दुसऱ्या ओळीशी संबंध जोडून वाचत होत्या, जसा आपण एखादा करारनामा वाचतो. आकारातून तुम्ही दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी सांगत होतात, एका जागी मात्रा आणि दुसऱ्या जागी वेळ, आणि त्या दोहोंना वेगळे करणारी खूण कुठेच नव्हती. तेव्हा डॉक्टरसाहेबांनी वापरलेला ‘अडाणी’ हा शब्द इथे मुळीच लागू पडत नाही. अडाणीपणातून चूक होते तेव्हा माणूस गोंधळतो, कोणाला तरी विचारतो. आजींनी कोणालाच विचारले नाही, कारण त्यांना शंकाच आली नाही.

संदिग्ध चित्र पाहणाऱ्याला संदिग्ध वाटत नसते. अक्षर लागले नाही तर ते लागले नाही हे आपल्याला कळते; चित्राचा मात्र काही ना काही अर्थ प्रत्येकाला लगेच लागतो, आणि तो लागला की दुसराही अर्थ असू शकेल हे मनात येत नाही. काढणाऱ्याचेही तेच होते. तुम्हाला त्या सूर्यात सकाळच दिसत होती, आजींना सायंकाळच दिसत होती, आणि दोघींनाही आपले चित्र स्वच्छ वाटत होते.

माझ्या घरातला एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी उमरेडकडील माझ्या मावशीला मी नागपुरातील एका रुग्णालयात एक्स-रे काढायला नेले होते. तिथे प्रवेशद्वारापासून एक्स-रेच्या खोलीपर्यंत फरशीवर पिवळ्या रंगाची पावले रंगवलेली होती, म्हणजे रुग्णांनी त्यांवरून चालत जावे. मावशीने चपला काढून हातात घेतल्या आणि भिंतीला लागून, त्या पावलांना पाय लागणार नाही अशा बेताने, गुडघा दुखत असतानाही ती वाकडी चालत राहिली. आपल्याकडे महालक्ष्म्या (गौरी) येतात त्या दिवशी दारापासून आतपर्यंत पावले काढतात, आणि त्यांवर कोणी पाय देत नाही. साठ वर्षे तिने ती पावले स्वतःच्या हाताने काढली होती. मी तिला घाईने म्हणालो, “अगं, त्यावरूनच चालायचं असतं.” तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मला अजून आठवते. तिला चित्र कळले नाही असे मी त्या वेळी समजलो होतो. खरे तर ते रंगवणाऱ्यापेक्षा तिला त्या चित्रातले जास्त माहीत होते.

‘चित्र तर लहान मुलालाही कळते’ ही समजूत एकट्या डॉक्टरांची नाही. तिच्यामागे मोठी आणि सद्‌भावनेची परंपरा आहे. व्हिएन्नामध्ये १९२५ साली समाजशास्त्रज्ञ ऑटो नॉयराथ यांनी एक संग्रहालय उभारले आणि कामगारांना लोकसंख्या, घरे, आजार यांची आकडेवारी छोट्या सारख्या आकृत्यांतून समजावण्याची पद्धत घडवली, जी पुढे ‘आयसोटाइप’ या नावाने ओळखली गेली. शब्द माणसांना तोडतात आणि चित्रे जोडतात, अशी त्यांची श्रद्धा होती. आज विमानतळावर किंवा आपल्या मेट्रोच्या स्थानकावर दिसणाऱ्या माणसाच्या, जिन्याच्या, स्वच्छतागृहाच्या आकृत्यांवर त्या कामाची छाप आहे. पण त्या कामात पहिल्यापासून असलेल्या आणि पुढे ऑटो यांच्या पत्नी झालेल्या मारी नॉयराथ १९५० च्या दशकात पश्चिम नायजेरियासाठी पत्रके करू लागल्या, तेव्हा युरोपात तयार झालेल्या आकृत्या तशाच उचलून चालणार नाही हे त्यांनी ओळखले आणि तिथली घरे, तिथला पोशाख पाहून त्या नव्याने काढल्या. ज्यांनी ही भाषा घडवली, त्यांनाही परक्या अंगणात गेल्यावर ती पुन्हा शिकावी लागली. तुम्ही घाबरून ज्या कामापासून दूर जायचा विचार करत आहात, त्या कामाचा हा अर्धा भाग आहे आणि तो तुमच्याकडून फक्त राहून गेला.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. किरणोत्साराची तीन पाकळ्यांची खूण १९४६ मध्ये अमेरिकेत बर्कलेच्या प्रयोगशाळेत ठरली आणि जगभर पसरली. ज्याला ती कोणी शिकवलेली नाही, त्याला तिच्यात फार तर पंख्याची पाती दिसतात. धोका दिसत नाही. अखेर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटना यांनी २००७ मध्ये अधिक धोकादायक स्रोतांसाठी तिच्या जोडीला एक नवी खूण आणली: लाल त्रिकोण, त्यात किरणांच्या लहरी, कवटी आणि पळून जाणारा माणूस. ती निवडण्याआधी ११ देशांतील १६५० लोकांना चित्रे दाखवून त्यांचा अर्थ विचारण्यात आला, आणि त्या देशांत भारतही होता. म्हणजे जाणकारांनाही ‘लोकांना काय दिसते’ हे विचारायला साठ वर्षे लागली. तुम्हाला तीन आठवड्यांत कळले. आजींच्या मनगटाची किंमत मी कमी लेखत नाही; परंतु हे ज्ञान आता तुमच्या हाती आहे आणि ५००० प्रती अजून छापून झालेल्या नाहीत, ही मोठी गोष्ट आहे.

म्हणून सर्वांत आधी छपाई थांबवा. मोठा चंद्र हा मोठा अर्धा चंद्रच असतो. आणि बाण तर माझ्या मते चित्रभाषेतील सर्वांत निसरडी खूण आहे: तो ‘यानंतर हे’ असे सांगू शकतो, ‘इकडे जा’ असे सांगू शकतो, ‘याचे त्यात रूपांतर होते’ असे सांगू शकतो, आणि वर टोक असले तर ‘वाढवा’ असेही सांगू शकतो. चंद्रकोरीकडून गोळीकडे जाणारा बाण पाहून ‘हा तुकडा त्या गोळीचा’ असा अर्थ आणखी पक्का होणार नाही, याची खात्री मला देता येत नाही. संस्थेचे प्रमुख विलंबाबद्दल नाराज होतील. त्यांना एवढेच सांगा की चुकीचा तक्ता पाच हजार घरांतून परत गोळा करणे छपाई पुढे ढकलण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. आणि आधीच्या तीनशे घरांतील तक्ते आशा सेविकांच्या मदतीने या आठवड्यातच तपासून घ्या, कारण आणखी किती जणांनी शंका न येता चुकीचे वाचले आहे, हे आज तुम्हाला माहीत नाही.

चित्रे बंद करून मराठीत लिहावे, या सूचनेत तथ्य आहे आणि ती झिडकारू नका. परंतु ती पुरेशी नाही. तुमच्या वस्त्यांत छत्तीसगढी आणि हिंदी बोलणारी घरे आहेत, मोमिनपुऱ्याकडून येणारे उर्दू वाचणारे रुग्ण आहेत, छिंदवाडा, बालाघाट, सिवनीकडून उपचारासाठी नातेवाइकांकडे येऊन राहिलेले लोक आहेत. शिवाय शब्दही संदिग्ध असतात. ‘दिवसातून दोनदा’ म्हणजे किती तासांच्या अंतराने? ‘जेवणाआधी’ म्हणजे कोणत्या जेवणाआधी, जेव्हा कामावर जाणाऱ्या घरांत सकाळी नऊलाच भाकरी खाऊन होते? डॉक्टर ‘१-०-१’ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) लिहितात ते वाचायलाही कोणीतरी शिकवावेच लागते.

खरी अडचण शब्द की चित्र ही नसून, खुणेचा अर्थ लोकांपर्यंत कोणी पोहोचवला का, ही आहे. घरातल्या गोळ्यांच्या स्ट्रिपा काढून पाहा: अनेक स्ट्रिपांवर एक उभी लाल रेघ असते. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, असा तिचा अर्थ आहे, आणि केंद्र सरकारने २०१६ मध्ये विशेषतः प्रतिजैविकांसाठी तिची मोहीमही केली. या सदराच्या किती वाचकांना ती रेघ आजवर केवळ नक्षी वाटली असेल?

विदर्भात राहणाऱ्या आपल्याला याहून जवळचे उदाहरण कीटकनाशकाच्या डब्यावर सापडते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणाच्या रंगावरून विषारीपणा कळतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. आता चौकातल्या सिग्नलने आपल्याला काय शिकवले आहे ते आठवा. हिरवा म्हणजे जा, काही धोका नाही. डब्यावरच्या हिरव्याचा अर्थ तसा मुळीच नाही. तो चार विषांपैकी सर्वांत सौम्य विषाचा रंग आहे, पण आत विषच आहे. आणि निळा? रस्त्यावरच्या सिग्नलमध्ये निळा नसतोच, त्यामुळे तो वाचायला आपल्यापाशी काहीच नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंची कारणे अनेक होती आणि ती सगळी एका चौकोनावर ढकलणे अन्यायाचे होईल. पण तेव्हापासून मी ज्या शेतकऱ्याला भेटतो त्याला त्या त्रिकोणाचा अर्थ विचारतो, आणि ‘हिरवा म्हणजे पिकासाठी चांगला’ हे उत्तर मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. तेही उत्तर विचारपूर्वक दिलेले होते.

तेव्हा चित्रे ठेवा, शब्दही ठेवा, आणि या दोहोंच्या आधी माणूस ठेवा. औषध हाती देणाऱ्या कार्यकर्त्याने तक्ता समजावून झाल्यावर ‘कळलं का?’ असे विचारू नये. आपल्याकडे या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर असते, कारण समोरचा तळमळीने सांगतो आहे आणि त्याला ‘नाही’ म्हणणे बरे दिसत नाही. त्याऐवजी गोळ्या रुग्णाच्याच हातात द्याव्यात आणि म्हणावे, “आजी, उद्या तुम्ही यातली कोणती, केव्हा आणि किती घ्याल, ते मला दाखवा. मी नीट सांगितलं की नाही, ते मला बघायचं आहे.” चूक सांगणाऱ्याची असू शकते हे आधीच कबूल केले, की परीक्षा रुग्णाची राहत नाही. आजींची अर्धी गोळी पहिल्याच दिवशी, तुमच्या कार्यकर्त्याच्या समोर, त्यांच्या तळहातावर दिसली असती.

नवा तक्ता करताना हीच पद्धत चित्रांना लावा. छापण्यापूर्वी पेन्सिलीने काढलेली चित्रे घेऊन दवाखान्याच्या रांगेत बसा आणि एकेकाला विचारा, “हे पाहून तुम्ही काय कराल?” चित्र सुंदर आहे का, आवडले का, हे विचारू नका. मिळालेले उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या; दुरुस्त करू नका, आणि मान हलवूनही बरोबर उत्तर सुचवू नका. किती जणांना विचारावे, याला एक उपयुक्त माप अमेरिकेतील सुरक्षा-चिन्हांच्या मानकात आहे: निदान ५० माणसांना विचारावे, त्यांपैकी ८५ टक्क्यांना अर्थ बरोबर लागावा, आणि घातक ठरेल असा उलटा अर्थ ५ टक्क्यांहून अधिक लोकांनी लावू नये. यातला ५ टक्क्यांचा आकडा मला ८५ टक्क्यांच्या आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो. न समजणे आणि उलटे समजणे या दोन वेगळ्या चुका आहेत. न समजलेला माणूस शेजाऱ्याला विचारतो, उलटे समजलेला माणूस निःशंक मनाने गोळी मोडतो. काही गोळ्या तर मोडायच्याच नसतात, कारण त्यांतील औषध हळूहळू सुटावे अशी त्यांची घडण असते. म्हणून प्रत्येक चित्राबद्दल आधी हे ठरवा की याचा सर्वांत वाईट अर्थ कोणता निघू शकतो, आणि तो अर्थ एकाही तोंडून आला तरी ते चित्र बाजूला ठेवा, मग बाकीच्या एकोणपन्नास जणांना ते कितीही आवडलेले असो.

वेळ दाखवण्यासाठी आकाशाकडे पाहण्याऐवजी घरात पाहिले तर बहुधा बरे होईल, असे मला वाटते. सकाळी दात घासणे, रात्री अंथरूण घालणे या गोष्टी दिवसातून एकदाच आणि ठरलेल्या वेळी होतात. चहाचा कप मात्र टाळा, कारण नागपुरात चहा केव्हाही होतो. जेवणाच्या ताटावर काट मारून ‘उपाशी पोटी’ दाखवण्याचा मोहही टाळा; त्यातून ‘जेवू नका’ असा अर्थ निघाला तर मधुमेहाच्या रुग्णाला ते किती महाग पडेल, हे तुम्हाला सांगायला नको. काट ही बाणाइतकीच फसवी आहे. गरोदरपणात घेऊ नये अशा औषधावर गरोदर स्त्रीची आकृती काढून तिच्यावर काट मारली, तर काही स्त्रियांनी ‘ही गोळी घेतली की दिवस राहत नाहीत’ असा अर्थ लावल्याचे अमेरिकेतील पाहणीत दिसून आले होते.

रंगांवर तुम्ही फार विसंबल्या आहात: पिवळी पट्टी सकाळची, निळी रात्रीची. वस्तीतला कार्यकर्ता तक्ते संपले की झेरॉक्स काढतो, आणि तिथे दोन्ही पट्ट्या करड्या होतात. शिवाय सर्वांचे डोळे रंग सारखेच पाहत नाहीत. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर शाकाहारासाठी हिरवा आणि मांसाहारासाठी तपकिरी असा ठिपका असे. रंगांधळ्या माणसाला हे दोन ठिपके एकसारखे दिसत, म्हणून २०२० च्या नियमांनी मांसाहाराच्या खुणेत ठिपक्याऐवजी त्रिकोण आणला. रंग ठेवा, पण रंग पुसला गेला तरी आकारावरून अर्थ लागला पाहिजे. आणि ओळीचा क्रम डावीकडून उजवीकडे असतो हे गृहीत धरू नका. उर्दू वाचणारा रुग्ण उजवीकडून सुरुवात करील आणि त्याची रात्र आधी येईल. सकाळ वर आणि रात्र खाली, असे एकाखाली एक मांडले तर हा प्रश्न पुष्कळसा सुटतो.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो, जो मी मुद्दाम मागे ठेवला. चूक आजींची नव्हती, हे मी सांगितलेच. तुमची होती का? काही अंशी होती. तुम्ही तक्ता संस्थेतल्या सर्वांना दाखवलात आणि ज्यांच्यासाठी काढला त्यांच्यापैकी कोणालाही दाखवला नाहीत. हे मी सौम्य करून सांगत नाही, कारण तुम्ही प्रामाणिक उत्तर मागितले आहे आणि खोट्या दिलाशाने तुम्हाला झोप लागणार नाही. पण ही चूक तुमच्या हातातल्या कलेची नाही, आणि ती तुम्ही एकटीने केलेली नाही. तीनशे प्रती वाटण्याला ज्यांनी संमती दिली त्या प्रत्येकाने तो सूर्य पाहिला होता आणि प्रत्येकाला त्यात सकाळ दिसली होती. बैठकीत हे याच शब्दांत मांडा. डॉक्टरांशी वाद घालू नका. त्यांच्या हातात तक्ता द्या आणि डोंगरांमधला सूर्य उगवतो आहे हे कशावरून ओळखले, एवढेच नम्रपणे विचारा. चित्रे काढणे सोडण्याचा प्रश्न मला पडत नाही. जिला आता हे कळले आहे, तिने सोडले आणि जिला अजून कळलेले नाही अशा कोणाला ते काम मिळाले, तर आजींचे काय भले होईल?

आजींना भेटायला जा, आणि ही भेट लांबणीवर टाकू नका. जाण्यापूर्वी त्यांच्या आताच्या गोळ्या आणि वेळा डॉक्टरांकडून लेखी घ्या. औषधाबद्दल स्वतःच्या अंदाजाने एक शब्दही बोलू नका. क्षमा मागायची असेल तर थोडक्यात मागा. रडण्याचा कार्यक्रम झाला तर त्या स्वतःचे दुखणे विसरून तुमचीच समजूत काढत बसतील, आणि त्या वयाच्या बाया तसेच करतात. त्यांना सांगा की तुमचे वाचणे बरोबर होते, माझे काढणे अपुरे होते, आणि मला तुमची मदत हवी आहे. मग वही आणि स्केचपेन पुढे करून विचारा, “आजी, सकाळ दाखवायची तर तुम्ही काय काढाल?” मनगट अजून बांधलेले असेल तर त्यांनी तोंडाने सांगावे आणि तुम्ही त्यांच्यासमोर काढावे, त्या ‘नाही, असं नाही’ म्हणतील तितक्या वेळा पुसून. त्या कदाचित नळाला पाणी येण्याची वेळ सांगतील, कदाचित अंगणातला सडा, कदाचित जे तुम्हाला आणि मला सुचलेलेही नाही असे काही. ते पान घेऊन दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या रांगेत जा आणि पहिल्या माणसाला विचारायला लागा.